अपडाऊन करावं की खोली घ्यावी?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की आमच्या जळगावच्या घरी वरच्या खोलीतली मुलं शेवटचा पेपर देऊन गेली आणि जिना ओकाबोका वाटतोय. लेखाचा विषय भलताच होता, पण पत्रं आली ती सगळी त्या जिन्यावर. कुणाला खोली हवी, कुणाला खोली सोडायची आहे, कुणाच्या घरी खोलीवरून भांडण. माझा अधिकार काय म्हणाल तर तेहेतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीमागे बसले, आणि निवृत्त झाल्यापासून वरची खोली मुलांना देते. एवढ्या दोन जागांवरून जे दिसलं तेच सांगते. आलेल्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत, प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर.

माझी यावल तालुक्यात चार एकर केळी आहे. मुलाला जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळतंय, पुण्यातही एका खाजगी कॉलेजात मिळतंय. भाऊबंद म्हणतात, पुण्यालाच टाक, जळगावला पोरगं डबक्यातला बेडूक होईल. त्याची आई म्हणते, जळगावच बरं, डोळ्यासमोर राहील. जळगाव शिकणाऱ्या मुलाला नेमकं काय देतं? – एक बाप

दादा, आधी वहिनींचं घेऊ. डोळ्यासमोर राहील हे अगदी खरं, फक्त डोळे तुमचे नसतील. २०११च्या जनगणनेत जळगाव शहर साडेचार लाखांच्या वर होतं, पण कॉलेजच्या पोराला ते चाळीस हजारांचं भासतं. रिंग रोड, गोलाणी मार्केट, बहिणाबाई उद्यान, मेहरूण तलाव. फिरून फिरून भोपळे चौकातच. माझ्याकडे रावेरकडचा एक मुलगा होता. एका दुपारी तास बुडवून तलावावर गेला. संध्याकाळी सहाला घरून फोन आला, "मोटारसायकलवर मागे कोण होती?" गावातला केळीचा व्यापारी गाडी लावून चहा पीत होता तिथे, त्याने पाहिलं. पोराने मला विचारलं, "मावशी, ह्या शहरात माणूस एकटा कुठे असतो हो?" मी म्हटलं, गच्चीवर, तेही कूलरचा आवाज चालू असेल तर.

हा जाच आहेच. एकोणिसाव्या वर्षी तर फारच. पण त्याच जाळ्याची दुसरी बाजूही मी त्याच खोलीत पाहिली. मेकॅनिकलचा एक मुलगा होता, अबोल, मार्क बेताचे. त्याला मशीन चालू असताना बघायची हौस. त्याच्या मामाचे मालट्रक एमआयडीसीत जायचे. मामाने चटईच्या कारखान्यात शब्द टाकला. जळगावच्या प्लॅस्टिकच्या चटया तुम्हाला माहीतच असतील, घराघरांत आहेत. पोरगा दोन महिने रोज चार तास त्या मागांपाशी उभा राहायचा. पहिला आठवडा कुणी हात लावू दिला नाही. दुसऱ्या आठवड्यात तुटलेली पट्टी जोडायला दिली. महिन्याभराने फोरमन रजेवर गेला तर मालक म्हणाले, "तू बघ रे." तो घरी यायचा तेव्हा सदऱ्याला गरम प्लॅस्टिकचा वास यायचा, आणि जेवता जेवता बोलायला लागला होता. पुण्यात अशा कारखान्याच्या गेटवर वॉचमनने नाव-गाव लिहून घेतलं असतं आणि परत पाठवलं असतं.

आता भाऊबंदांचं. कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी झाकून ठेवणार नाही. जळगावचा धंदा म्हणजे ठिबक, पाइप, चटई, डाळ मिल आणि सोनं. मेकॅनिकलच्या, केमिकलच्या पोराला इथे बघायला पुष्कळ आहे. कॉम्प्युटरवाल्याला त्याच्या कामातली, त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी माणसं चहाच्या टपरीवर भेटायला हवीत, ती पुण्यात भेटतात, इथे फारशी नाहीत. मोठ्या कंपन्याही इथे येऊन मुलं निवडतात असं क्वचित. म्हणून पुण्याचं कॉलेज खरोखर चांगलं असेल तर कर्ज काढूनही पाठवा. पण नुसता पुण्याचा पत्ता मिळणार असेल तर नको.

ते ओळखायचं कसं? फ्लेक्सवरचे फोटो बघू नका. मागच्या वर्षी पास झालेली चार पोरं शोधा, आता कुठे आहेत ते विचारा. आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीपाशी दहा मिनिटं उभे राहा. प्रवेशाच्या गडबडीचे दिवस सोडून, साधा कामाचा दिवस बघून जा. दहा मिनिटांत एकही मूल आलं नाही तर परत फिरा. माझ्या धंद्याचा हट्ट म्हणा हवं तर.

पैशाचं थोडक्यात: माझ्याकडे दोघांत मिळून महिना पाच हजार, लाइट वेगळी. तेवढेच पैसे माझ्या भाच्याने पुण्यात कोथरूडला एका कॉटचे मोजले. कॉट म्हणजे कॉटच, खाली बॅग ठेवायची ती सुद्धा दुसऱ्याची असायची.

पण तुमच्या पत्रात नसलेल्या एका गोष्टीची मला जास्त धास्ती आहे. जळगाव ठरलं की तुम्ही म्हणाल, यावल काय, हे इथेच तर आहे, करेल अपडाऊन. तेवढं करू नका.

मी धरणगावची. १९८२ ते ८५ जळगावला शिकले. तेव्हा आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ नव्हतं, ते १५ ऑगस्ट १९९०ला झालं. त्यामुळे माझ्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का आहे. पुण्याला पाय न लावता मी पुण्याची पदवीधर! पहिली दोन वर्षं मी सुरत लाइनच्या गाडीने अपडाऊन केलं. त्या दोन वर्षांत मला माहीत झालेलं जळगाव म्हणजे स्टेशनचा जिना, कॉलेजचं फाटक आणि परत स्टेशनचा जिना. तिसऱ्या वर्षी आजी वारली, घरात कामाला माणूस उरलं नाही, तरी वडिलांनी काय मनात आणलं कोण जाणे, मला बळीराम पेठेत मावशीकडे ठेवलं. मावशीचं घर दोन खोल्यांचं, माणसं सात. संध्याकाळी घरात बसायला जागा नसायची म्हणून मी वल्लभदास वालजी वाचनालयात जाऊन बसायला लागले. चार आण्याचे शेंगदाणेही आत नेता येत नसत.

तिथे लांब टेबलाच्या टोकाला एक आजोबा बसायचे. चष्म्याची एक काडी गेलेली, तिच्या जागी कानामागे सुतळी. कालचाच पेपर पुन्हा वाचायचे. आठवडाभराने मला विचारलं, "तू कोणाची गं?" मी सांगितलं. "धरणगावची? मग गाडी चुकली का रोजच?" मी हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक बघितलं, मुखपृष्ठ उलटं करून कपाटाचा क्रमांक दाखवला आणि विचारलं, हा आकडा काय सांगतो? मला सांगता येईना. त्यांनी पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कडेला दशांश वर्गीकरण समजावून सांगितलं. दहा वर्ग, त्यांचे पोटवर्ग. ते निवृत्त ग्रंथपाल होते. ग्रंथालयशास्त्र नावाचं शिक्षण असतं हे मला त्या टेबलावर कळलं. माझी नोकरी तिथे ठरली, संध्याकाळी साडेसहाला. पहिल्या दोन वर्षांत धरणगावची गाडी त्या वेळी मला घेऊन निघून गेलेली असायची.

नंतर खिडकीमागे बसून तेच उलट्या बाजूने पाहिलं. दुपारी साडेतीननंतर जी मुलं यायची त्यांच्यातली निम्मी एकच वाक्य बोलायची, "मॅडम, लवकर द्या, गाडी आहे." पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलेलं. मिळालं तर घेऊन पळत, नाही मिळालं तर तसंच पळत. शेजारचं पुस्तक बघायला कपाटापर्यंत जाणारी पोरं वेगळी. ती खोलीवर राहणारी. अपडाऊनवाला हुशार नसतो असं नाही, पाचनंतर शहर सुरू होतं तेव्हा तो गाडीने शिरसोली स्टेशनच्या पुढे गेलेला असतो एवढंच.

म्हणून दादा, जळगाव घेतलंत तर खोली घ्याच, आणि कॉलेजचं ठिकाण बघून घ्या. विद्यापीठ शहराबाहेर, गिरणेकाठी, धुळ्याच्या रस्त्याला आहे. बांभोरीकडे कॉलेज असेल तर पिंप्राळा, खोटेनगर ह्या बाजूला खोली बघा, गाव हाताशी राहतं. मोटारसायकल पहिल्या वर्षी देऊ नका. त्या महामार्गाने आणि बांभोरीच्या पुलाने किती घरं रडवली आहेत ते तुम्ही पेपरात वाचताच. शेअर रिक्षा आहेत.

मी पाचोऱ्याहून रोज जळगावला येते. बी. फार्म., दुसरं वर्ष. पहाटे पाचला उठते, रात्री घरी पोचायला साडेआठ. प्रॅक्टिकल लांबलं की गाडी चुकते आणि पप्पांचे दहा फोन. खोली घेऊ द्या म्हटलं की ते म्हणतात, "रोज घरी येतेस ना, मग अडचण काय?" त्यांना कसं पटवू?

बेटा, एक कबूल करते. गाडीचंही एक सुख असतं. दुपट्टा टाकून धरलेली जागा, म्हसावदला चढणारी मैत्रीण, माहेजीपर्यंत चालणारी अंताक्षरी, एका डब्यात सगळ्यांचे डबे, कुणाची तरी कळण्याची भाकरी. माझ्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी गाडीतल्याच. खोली घेतलीस की हे जाईल, आणि तुला त्याची आठवण येईल.

तरी खोली घे.

पप्पांशी "मला स्वातंत्र्य हवं" ह्या वाटेने जाऊ नकोस. ते भांडण तू हरशील, आणि जिंकलीस तर त्याहून वाईट. कागद घे. एक आठवडा रोजच्या वेळा लिही: घरातून निघाले, गाडी आली, कॉलेजात पोचले, कॉलेज सुटलं, गाडी सुटली, घरी. बेरीज त्यांना करू दे. शेतकरी असोत की दुकानदार, आकडा पुढे आला की आपली माणसं गप्प होतात.

मग पैशाचं. फीचं काय केलंस ते पत्रात नाही, म्हणून सांगते. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा, आणि अर्ज महाडीबीटी ह्या सरकारी संकेतस्थळावर दर वर्षी नव्याने भरायचा. राहण्याजेवण्याचा खर्च त्यात नाही. पण फीचे वाचलेले पैसे खोलीला लावता येतात हे पप्पांना सुचलं नसेल, त्यांना फी माफ म्हणजे खर्च संपला असं वाटत असेल. शिवाय पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार, अनुसूचित जातीसाठी स्वाधार अशा योजना आहेत. तुला कोणती लागू होते ते कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या टेबलावर विचार. तिथला क्लार्क वैतागलेला असेल. दोनदा जा.

आता पप्पांच्या "अडचण काय"मागे जे आहे ते. त्यांना भीती वाटते, आणि ती खोटी नाही. तेव्हा खोली तू एकटीने ठरवू नकोस, एका रविवारी त्यांना घेऊन ये. काकांना नको. काका आले की प्रतिष्ठेचा प्रश्न होतो. खोली बघताना तू रंग आणि आरसा बघशील. त्यांना हे बघू दे: रात्री घरात मालकीण असते की घर नुसतं भाड्याचं आहे, संडासाची कडी आतून नीट लागते का, कोपऱ्यावरचा दिवा जळतो का, खानावळ किती पावलांवर आहे, पाणी साठवायला टाकी आहे का. इथे नळ रोज येत नाही. बापाने स्वतः कडी ओढून बघितली की त्याचा अर्धा जीव खाली पडतो. माझ्याकडे एक वडील आले होते, त्यांनी कडी तीनदा लावली, तीनदा काढली, आणि खिशातून स्वतः आणलेली नवी कडी काढली. पेचकससुद्धा आणला होता. लावून दिली, चहा घेतला, गेले. मुलगी चार वर्षं राहिली.

आणखी एक विचार: गेट किती वाजता बंद होतं? माझ्या एका विद्यार्थिनीने आमच्या भागातलं एक महागडं मुलींचं होस्टेल घेतलं. गेट सातला बंद, रविवारी सहाला. आमची अभ्यासिका आठपर्यंत. ती मला म्हणाली, "मॅडम, मी पैसे भरून अपडाऊन करतेय." सहा महिन्यांत सोडलं तिने.

संध्याकाळचं मी इतकं का धरून बसले आहे? युवारंगच्या, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या, तालमी कधी होतात बघ. खेळाचा सराव कधी होतो बघ. प्रतिभाताई पाटील इथल्या मूळजी जेठा कॉलेजात टेबल टेनिस खेळायच्या. टेबल टेनिस चारच्या गाडीला पळणारीला खेळता येत नाही. राष्ट्रपती सगळ्याच होतात असं नाही, पण रॅकेट हातात धरायला तरी मिळावी.

पप्पा अजिबात बधले नाहीत तर अर्ध्यावर तोड काढ: परीक्षेचा आणि प्रॅक्टिकलचा दीड महिना एखाद्या नातेवाइकाकडे किंवा मैत्रिणीच्या खोलीवर, बाकी गाडी. एकदा तो दीड महिना सुरळीत गेला की पुढचं सोपं. शनिवारी घरी जा, एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. फक्त लपवून खोली घेऊ नकोस. ह्या गावात ते चार दिवस टिकतं, त्या केळीच्या व्यापाऱ्याची गोष्ट वर आलीच आहे.

मी ठाण्याचा. जळगावच्या शासकीय मेडिकलला नंबर लागला. एक उन्हाळा काढला, दुसरा काढवेल असं वाटत नाही. रात्री दहाला शहर झोपतं. मॉल नाही, लोकल नाही, करायला काहीच नाही. साडेचार वर्षं काय करू?

डॉक्टरसाहेब, उन्हाबद्दल तुमची बाजू मी घेते. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा आम्ही इथे जन्मलेलेही देवाला शिव्या देतो. उपाय सगळे घरगुती. कूलरची खस मार्चमध्ये बदलायची, मेमध्ये दुकानदार भाव खातो. कूलरचं पाणी रात्री भरून ठेवायचं. अभ्यास पहाटे चार ते नऊ आणि रात्री गच्चीवर. दुपारी बारा ते पाच जो बाहेर हिंडतो तो एकतर एलआयसीचा एजंट, नाहीतर ठाण्याचा.

पण उन्हाळ्यावरून खानदेशाची परीक्षा करू नका. नोव्हेंबर लागू द्या. वर्गातल्या एखाद्या यावल-रावेरच्या, आसोद्याच्या मित्राशी गोड बोलून ठेवा आणि त्याच्या शेतात भरताला जा. बामणोदची पांढरट-हिरवी, हातभर वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर टाकतात. साल करपून काळी ठिक्कर झाली की सोलायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांसकट ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाण्यांची फोडणी. जळगावच्या ह्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. ते कागदावर. खरं मानांकन म्हणजे केळीच्या पानावर चौथी पुरी घेताना आपण कुणाकडे बघत नाही ते. त्या रात्री दहाला शहर झोपलं तरी तुम्ही शेकोटीशी असाल.

बाकी धावतं सांगते. अजिंठा साठेक किलोमीटरवर आहे, सोमवारी बंद असतो. पावसाळ्यात, कामाच्या दिवशी जा. गाडी फर्दापूरला ठेवून तिथल्या बसने वर जायचं. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय अर्धा दिवस घेतं. जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव असतो. कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो, तेव्हा जुन्या जळगावात चाकाला मोगरी लावणारी माणसं बघा. एवढ्या अवजड रथाला लाकडाच्या एका ठोकळ्यावर वळण देतात. ऑर्थोपेडिक्सला उपयोगी पडेल.

राहिला मुद्दा करायला काही नसण्याचा. तुमचं काम सिव्हिलच्या वॉर्डात आहे. तिथे म्हातारी येते आणि सांगते, "मना पोटमा दुखस." तुम्ही इंटर्नला विचारता, इंटर्न सिस्टरला विचारतो. ही आमची खानदेशची अहिराणी. तिच्यातला रोज एक शब्द वहीत लिहा. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत म्हातारी तुमच्याच टेबलाशी येऊन बसेल. ठाण्यात एवढी प्रॅक्टिस पहिल्या वर्षी कुणाची होते?

खोली सोडली, मालक डिपॉझिट परत देत नाही. म्हणतो, भिंतीला खिळे मारलेत.

किती खिळे? पुढच्या वेळी खोली घेतानाच भिंतींचे, नळाचे, पंख्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा, तारीख आपोआप राहते. डिपॉझिट दिल्याची पावती नसेल तर वहीच्या पानावर सही घ्या. आता मात्र वडिलांना घेऊन जा, आवाज न चढवता बसा, आणि भोकं बुजवायचा खर्च कापून बाकीचे मागा. मी स्वतः मालकीण आहे, मलाही खिळ्यांचा राग येतो. पण खिळ्याचं भोक दहा हजारांचं नसतं.

मी साक्री तालुक्यातला, धुळ्याला शिकतो. वर्गात सेमिनार देताना "इथे"च्या जागी तोंडातून "आठे" गेलं. सगळे हसले, सरपण हसले. तेव्हापासून मी वर्गात बोलतच नाही. भाषा कशी सुधारू?

भाऊ, "सरसुद्धा"च्या जागी "सरपण" लिहिलंस, हे सुद्धा अहिराणीचंच झालं की. बरं वाटलं वाचून.

गंमत बघ, हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी आजी अहिराणीच बोलत असेल. धुळे-जळगावसारख्या गावांचं हे एक आहे, सगळे कालपरवाच खेड्यातून आलेले असतात, आणि जो परवा आला तो काल आलेल्याला हसतो. मुंबईत "आठे" कुणाला कळलंच नसतं, म्हणून कुणी हसलंही नसतं. इथे कळतं म्हणून टोचतं.

सेमिनारला, तोंडी परीक्षेला प्रमाण मराठी लागते, तेवढी कमव. त्याला क्लास नको. रोज पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाच, दहा मिनिटं, खोलीवर, दार लावून. तीन महिन्यांत जिभेला वळण पडतं. सेमिनार आधी लिहून काढ, मग कागद खाली ठेवून बोल. "आठे" पुन्हा गेलंच तर थांबू नकोस, पुढचं वाक्य घे. माणसं चुकीला हसत नाहीत, तू चुकल्यावर थांबतोस त्याला हसतात.

पण सुधारायची म्हणालास ती कोणती भाषा? माझ्या खिडकीशी मुलं यायची, खाली मान घालून पुटपुटायची. काय हवं ते कळायचं नाही. एके दिवशी एकाला मी न राहवून विचारलं, "कोन्तं पुस्तक जोयजे रे भो?" म्हणजे कोणतं पुस्तक हवंय. त्याने मान वर केली. मागच्या रांगेतली चार पोरं पुढे सरकली. त्या दिवसापासून ती पोरं चिठ्ठी लिहून आणेनाशी झाली, तोंडाने मागायला लागली. "ताई, याना मोरलं पन शे का?" म्हणजे याच्या पुढचंही आहे का. एका पुस्तकाच्या पुढचं पुस्तक मागणं हे आमच्या धंद्यात फार मोठं असतं बाबा.

तू धुळ्यात आहेस. कॉलेज सुटलं की राजवाडे संशोधन मंडळात जा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ला धुळ्यातच गेले, त्यांनी जमवलेली दप्तरं सांभाळायला ती संस्था उभी राहिली. जुने कागद कसे दिसतात ते बघ. मग घरी गेलास की आजीकडून आपल्या खानदेशच्या कानबाई देवीची गाणी तिच्याच शब्दांत उतरवून घे, "आठे" तसंच "आठे" ठेवून. वही भरली की त्याच सरांना दाखव.

आणि मले पुढलं पत्र लिखशी ते अहिराणीमाच लिखजो.